अठरा युरोंचा बेसबॉल

एखादा माणूस बेसबॉलचा सामना बघायला जास्तीत जास्त किती पैसे मोजेल, असं मला कुणी दोन हजार सोळाच्या जूनमध्ये विचारलं असतं, तर मी "शून्य" म्हणालो असतो आणि वर अर्धा तास त्याची कारणं सांगितली असती. कारणं सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे; काय चालणार नाही आणि का, हे सांगायचाच मला पगार मिळतो.

हॉलंडात बेसबॉल खेळतात हे आम्हाला आल्मेरेत सात वर्षं काढूनही ठाऊक नव्हतं. कळलं ते मृण्मयीमुळे. आमची ही मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि गावातल्या क्लबात सॉफ्टबॉल खेळायची. तिला मी आधी बुद्धिबळाला घातलं होतं. पण तिथे ओरडू देत नाहीत म्हणून तिने ते सोडलं. तर एके दिवशी तिच्या क्लबातून ईमेल आली. सप्टेंबरात शिफोल विमानतळाजवळच्या मैदानावर आंतरराष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा होती. अंतिम सामन्याआधी यजमान देशाचा भलामोठा झेंडा दहा मुलींनी धरून मैदानात न्यायचा होता, आणि त्या दहांत मृण्मयीची निवड झाली होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पालकांनी आपापली तिकिटं ऑनलाइन काढावीत. दर माणशी अठरा युरो.

"आजच काढून टाक," पूर्णिमा म्हणाली. ही माझी बायको. तिचा निर्णय आणि अंमलबजावणी यांत फट नसते.

आम्हाला तीन तिकिटं लागणार होती. मी, पूर्णिमा आणि तिचे वडील अप्पा, जे उन्हाळाभर आमच्याकडे राहायला आले होते. तीन गुणिले अठरा, चोपन्न. चोपन्न गुणिले पंचाहत्तर... हा गुणाकार परदेशातल्या मराठी माणसाने करू नये असं सगळे सांगतात, आणि सगळेच करतात. चार हजार पन्नास रुपये! चार हजार पन्नास रुपये देऊन, ज्यात फलंदाज एकदा बाद झाला की लगेच पुन्हा येतो असला खेळ बघायचा?

"थांब जरा," मी म्हणालो. "भाव उतरतील."

या वाक्यामागे विचार होता. आमच्या इथे शनिवारचा बाजार भरतो. सकाळी स्ट्रॉबेरीचा डबा दोन युरोंना असतो. दुपारी साडेचार वाजले की तोच विक्रेता जिवाच्या आकांताने "तीन डबे एक युरो" असं ओरडायला लागतो, कारण रात्रीत माल नासणार असतो. सामन्याचं तिकीट म्हणजे तरी काय? सामना झाला की नासलं! तेव्हा शहाण्या माणसाने साडेचारपर्यंत कळ काढावी. ही उपपत्ती मी ऑफिसात संजीवला सांगितली. संजीव नाशिकचा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि कुठल्याही बाबतीत सल्ला द्यायला कधीच कचरत नाही. तो म्हणाला, "शंभर टक्के बरोबर. बेसबॉलला इथे कुत्रंसुद्धा जात नाही. शेवटी फुकट वाटतील." संजीवने दुजोरा दिला तेव्हाच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं.

दोनेक आठवड्यांनी मृण्मयीने विचारलं, "बाबा, टिकेट्स डन?"

"झालंच समज," मी म्हणालो.

आता हे खोटं नाही, हे मराठी वाचकाला सांगायला नको. 'झालं' वेगळं आणि 'झालंच समज' वेगळं. दुसऱ्यात न झालेल्याची प्रामाणिक कबुली आहे. अख्खा महाराष्ट्र या दोन शब्दांवर चालतो. पण इथे वाढलेल्या मुलीला हे बारकावे कुठून कळणार? ती "येस!" म्हणून उडी मारून गेली.

सामन्याला दहा दिवस राहिले तेव्हा मी शांतपणे साइट उघडली. अंतिम सामन्यावर लाल पट्टी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'आउटफरकोख्त'. मी मांडीवर थाप मारली. हा शब्द मला चांगला माहीत होता. जुलैत सगळ्या दुकानांच्या काचांवर झळकतो. सेल लागला होता! माझी उपपत्ती खरी ठरली होती. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना, म्हणून मी कुंपणाजवळ गेलो. पलीकडे कोर गुलाबांना पाणी घालत होता.

कोर आमचा शेजारी. सत्तरीचा, साडेसहा फूट उंच, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. बेसबॉलचं वेड इतकं, की एकदा संघामागे पार पनामाला स्वखर्चाने जाऊन आला होता.

"कोर, अंतिम सामन्याचा सेल लागलाय," मी म्हणालो.

कोरने झारी खाली ठेवली. "दुकानाच्या काचेवर असतं ते आउटफरकोप," तो सावकाश म्हणाला. लहान मुलांशी आणि माझ्याशी तो सावकाश बोलतो. "तो सेल. आउटफरकोख्त म्हणजे संपलं. सगळं विकलं गेलं."

डच भाषेची सरकारी परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालो होतो. त्याचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलं होतं. त्या संध्याकाळी मी ते काढून पुस्तकांमागे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संजीवकडे नवा सल्ला तयार होता. "लोक ऐनवेळी तिकिटं विकतात. साइटवर बघ." जुन्या वस्तू विकायच्या साइटवर मला खरंच जाहिरात सापडली: चार तिकिटं, प्रत्येकी पंचवीस युरो, आर्नहेमला येऊन न्यावीत. तिकिटांचा फोटो होता, चेंडूचं चित्र होतं, स्पर्धेचं नाव होतं. मी ऑफिस सुटल्यावर परस्पर आर्नहेम गाठलं. गाडीतून उतरून बसने त्या गृहस्थाच्या घरी गेलो आणि दारातच घासाघीस सुरू केली.

घासाघीस ही आपल्याकडची कला आहे, डच माणसाला ती झेपत नाही. मी सुस्कारा टाकला, घड्याळ पाहिलं, दोन पावलं मागे गेलो. तो पंचवीसवरून वीसवर आला, वीसवरून पंधरावर. शेवटी म्हणाला, "चारही मिळून चाळीस द्या." तो इतक्या भराभरा उतरला याचं मला जरा तरी नवल वाटायला हवं होतं. मला वाटला तो फक्त अभिमान. अठराचं तिकीट दहाला! परतीच्या गाडीत माझी अशी इच्छा होती, की डब्यातल्या कुणीतरी मला तिकिटांची किंमत विचारावी.

घरी जेवायच्या टेबलावर मी ती चार तिकिटं पत्त्यांसारखी पसरली. पूर्णिमा हसली. मृण्मयीने टाळ्या वाजवल्या. अप्पांनी चष्मा लावला.

अप्पांनी, म्हणजे माझे सासरे मनोहर यांनी, एकतीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. हाती लागलेला कुठलाही छापील कागद ते शेवटच्या टिंबापर्यंत वाचतात. आमच्याकडे आल्यापासून भाषा येत नसताना त्यांनी दुधाच्या खोक्यावर एक चूक शोधली होती, आणि कोरने ती मान्य केली होती.

"श्रीधरराव," अप्पा म्हणाले, "अंतिम सामना किती तारखेला?"

"अठरा, अप्पा. रविवारी."

"मग यावर सतरा का छापलंय?"

मी जाहिरात पुन्हा उघडली. शनिवार, सतरा तारीख, असं तिच्यात दोनदा लिहिलं होतं. एकदा ठळक अक्षरात.

मृण्मयी माझ्याकडे बघत होती.

"बट बाबा, यू सेड झालं."

"झालंच समज, असं म्हटलं होतं मी."

"व्हॉट्स द डिफरन्स?"

तिने तिकिटं नीट गोळा केली, एकावर एक ठेवली आणि माझ्यासमोर सरकवली. "इट्स ओके," ती म्हणाली आणि खोलीत गेली. ती चिडली असती, दार आपटलं असतं, तर मी निदान बाप म्हणून दोन शब्द सुनावले असते. 'इट्स ओके'ला काय सुनावणार?

मग मी हातचं काही राखलं नाही. कोरच्या सांगण्यावरून समर्थक मंडळाचा सभासद झालो: पंचवीस युरो, एक नारिंगी मफलर, आणि उरलीसुरली तिकिटं आली तर सोडतीत नाव. सोडत झाली, नाव आलं नाही. मफलर मात्र वेळेवर आला. संजीव म्हणाला, "सामन्याच्या दिवशी गेटवर उभा राहून रडवेला चेहरा कर." मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो म्हणाला, "हां, हाच. हाच चेहरा."

शेवटी कोरनेच वाट दाखवली. कुंपणावरून म्हणाला, "स्वयंसेवक हो. सायकलींच्या तळावर माणसं कमी आहेत. स्वयंसेवकाला दोन पाहुणे आत पाठवता येतात."

"आणि तो स्वतः?"

"तो सायकली बघतो."

पूर्णिमा आणि अप्पा आत, मी बाहेर. विचार करायला वेळ नव्हता. मी अर्ज केला. उत्तर आलं, 'काही कामांसाठी चांगल्या वर्तणुकीचा सरकारी दाखला लागेल.' आता 'काही कामांसाठी' हे शब्द माझ्यासारख्या टेस्टिंगवाल्याने निसटू द्यायला नको होते. पण मी घायकुतीला आलो होतो. मी खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, वेळ घेतली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पासपोर्ट, राहण्याचं कार्ड, लग्नाचा दाखला आणि उगाच असू दे म्हणून दहावीची गुणपत्रिका घेऊन खिडकीसमोर बसलो.

"मी चांगला माणूस आहे असा दाखला हवाय," मी म्हणालो. माझं डच तेवढंच पोचत होतं.

खिडकीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठल्या कामासाठी?"

"सायकली सांभाळायला."

"त्याला दाखला लागत नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्यांना लागतो."

"काही सायकलींवर मुलांची सीट असते," मी म्हणालो. इतकं सामान घेऊन गेल्यावर हात हलवत परत यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मेनेर," त्या म्हणाल्या, म्हणजे आपलं 'साहेब', "घरी जा. तुम्ही ठीक आहात."

घरी आलो तर पूर्णिमाने दारातच विचारलं, "मिळाला दाखला?"

"नाही."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि आठवडाभरात पहिल्यांदा खळखळून हसली. माझ्या चारित्र्यावर झालेला तो विनोद मी गिळला. घरात हसू परतलं होतं.

राहता राहिली सतरा तारखेची चार तिकिटं. "वाया का घालवायची?" अप्पा म्हणाले. पूर्णिमाला यायचं नव्हतं, म्हणून शनिवारी आम्ही तिच्या तिकिटावर कोरला बरोबर घेऊन गेलो. ज्या दोन देशांचा सामना होता, त्यांचे खेळाडू आणि त्यांचे नातेवाईक धरून दीडशे माणसं असतील. तिकीट तपासायलासुद्धा कुणी नव्हतं. म्हणजे ते चाळीस युरोही मी उगाच दिले होते. दर पाच मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं, मग सगळे खेळाडू वर बघायचे.

पण ऊन काय सुंदर पडलं होतं! कोरच्या मांडीवर एक मोठी वही होती आणि तिच्यात तो प्रत्येक चेंडूची नोंद बारीक खुणांनी करत होता. अप्पा दहा मिनिटं त्या वहीकडे तिरक्या नजरेने बघत राहिले. मग खुणा समजून घेतल्या. एकाला इंग्रजी बेताचं, दुसऱ्याला मराठी शून्य. तरी पाचव्या डावात अप्पांनी कोरची चूक काढली. कोरने वही तपासली, खोडरबर काढलं आणि पेन्सिल अप्पांच्या हातात दिली. त्यानंतर वही अप्पांच्याच मांडीवर राहिली. निवृत्तीनंतर मी त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं.

मृण्मयी माझ्या शेजारी येऊन बसली. मग न विचारता सांगायला लागली: हा का पळाला, तो का नाही, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टोपीला हात का लावतो. मी मधेच क्रिकेटशी तुलना केली की ती कपाळाला हात लावायची. सहाव्या डावापर्यंत मी ओरडायला लागलो होतो. कुठल्या देशाच्या बाजूने, ते विचारू नका.

"कोर," मी परतताना विचारलं, "पनामाला जायला तुला किती खर्च आला होता?"

कोरने मनापासून आठवून पाहिलं. "नाही बुवा लक्षात," तो म्हणाला. "नवव्या डावात पाऊस आला होता, ते आठवतं."

रविवारी दुपारी मी नारिंगी जाकीट घालून सायकलतळावर उभा होतो. जाकीट कोरच्या मापाच्या माणसासाठी शिवलेलं असावं. माझ्या गुडघ्यापर्यंत येत होतं. सायकल घ्यायची, हँडलला नंबर बांधायचा, त्याचा जोड मालकाला द्यायचा. चारशेबारा सायकली लावल्या. पूर्णिमा आणि अप्पा कोरबरोबर ऐटीत आत गेले. जाता जाता अप्पांनी माझ्या पाटीवरच्या 'सायकल' या अर्थाच्या डच शब्दाचं स्पेलिंग नजरेखालून घातलं आणि ते बरोबर आहे अशी मान हलवली.

झेंडा धरणाऱ्या मुली नेमक्या माझ्या तळाशेजारीच जमल्या. झेंडा एवढा मोठा होता, की उलगडायला दुसरीकडे जागाच नव्हती. मृण्मयीने मला पाहिलं आणि मैत्रिणींना दिसणार नाही एवढीच भुवई उचलली. मीही तेवढीच उचलली. झेंडा उलगडला, वारा सुटला, आणि तेवढ्यात एका मुलीला ओकारी झाली. सकाळपासून तिने पाच वॉफल खाल्ले होते म्हणे. तिची आई तिला घेऊन गेली. दहाव्या कोपऱ्याला, म्हणजे खरं तर चौथ्या कोपऱ्याला, कुणीच उरलं नाही. आतून बँड सुरू झाला.

मुलींची प्रशिक्षक इनेके नावाची दांडगी बाई. तिने चहूकडे पाहिलं. जवळपास मी आणि चारशेबारा सायकली होत्या.

"मेनेर! तुम्ही! हा कोपरा धरा!"

"मी सायकली..."

"धरा!"

मी धरला. मृण्मयीचा चेहरा पांढरा पडला. अकरा वर्षांच्या मुलीवर याहून मोठं संकट येऊ शकत नाही.

"बाबा, प्लीज डोन्ट वेव्ह," ती दातांतून म्हणाली.

"नाही करणार."

"अँड डोन्ट स्माइल टू मच."

फाटक उघडलं आणि आम्ही निघालो. नऊ मुली पांढऱ्या गणवेशात आणि गुडघ्यापर्यंत नारिंगी जाकिटातला मी. हिरवळ इतकी मऊ होती, की पाय टाकायला संकोच वाटत होता. भोवती हजारो माणसं उभी राहिली. मधोमध पोचलो तर वाऱ्याने झेंडा असा फुगला, की हा आता आपल्याला घेऊन शिफोलच्या धावपट्टीवर उतरतो असं मला वाटलं. मी जीव खाऊन कोपरा ओढून धरला.

"थोडं सैल सोड, बाबा," शेजारून हळूच आवाज आला. "घट्ट धरलं की जास्त ओढतो तो."

मराठीत म्हणाली. मी सैल सोडलं. झेंडा सपाट झाला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. परीक्षेसाठी पहिलं कडवं पाठ केलं होतं, ते म्हटलं. समोरच्या गॅलरीत मला कोरची उंची दिसली, त्याच्या शेजारी वही छातीशी धरून ताठ उभे असलेले अप्पा दिसले, आणि पूर्णिमा दिसली. तिने तोंडावर हात धरला होता. ती हसत होती की रडत होती, हे लग्नाला चौदा वर्षं होऊनही मला इतक्या लांबून ओळखता येत नाही.

त्यानंतर मी परत सायकलींपाशी आलो. सामना मी ऐकला. मोठा गलका झाला की आपलं काही चांगलं झालं, हळहळ ऐकू आली की वाईट. शेवटी असा गलका झाला, की तळावरच्या दोन सायकली आडव्या झाल्या. आपण जिंकलो होतो. 'आपण' हा शब्द मी मनात उच्चारला आणि मलाच जरा गंमत वाटली.

मग एकदम चारशेबारा माणसं आली. सगळी आनंदात, सगळ्यांना घाई, निम्म्यांचे नंबर हरवलेले. मी रडकुंडीला आलो तेव्हा मृण्मयी आली. तिने माझ्या हातातून नंबरांचा जुडगा घेतला आणि बुद्धिबळाच्या वर्गात जे करू दिलं नाही ते सुरू केलं. "एकशेचार! दोनशेबारा!" सगळं डचमध्ये, आणि आल्मेरेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

सगळ्यात शेवटी एक म्हातारे गृहस्थ रमतगमत आले. सायकल घेताना त्यांनी मला विचारलं, "तुम्ही बघितला का सामना?"

"नाही," मी म्हणालो.

"अरेरे, काय हा अन्याय!"

"ते मैदानात होते," मृण्मयी म्हणाली.

म्हाताऱ्याने मला जाकिटासकट वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असं? कुठल्या जागेवर?"

"कोपऱ्यात," ती म्हणाली. तिचा चेहरा अगदी गंभीर होता.

म्हाताऱ्याने आदराने माझ्याशी हात मिळवला आणि सायकलवर टांग टाकली.